उतारवयाचे घर आणि मधला माणूस

आमच्या मराठवाड्यात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, १ जूनला. शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराची जन्मतारीख आईबापांना ठाऊक नसायची. पोळ्याच्या आधी झाला की नंतर, एवढेच आठवायचे. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. तीच तारीख पुढे सर्व्हिसबुकात चढली आणि म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी जिल्हा परिषदेच्या शाळांपासून तहसील कचेरीपर्यंत निरोपसमारंभांची झुंबड उडते. शाल, श्रीफळ, दोन भाषणे, एक गहिवर. त्यानंतर काही महिन्यांत भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजेचे रोखीकरण असे सगळे मिळून, जन्मात कधी पाहिला नव्हता एवढा आकडा पासबुकात उमटतो.

हा आकडा उमटला की घराच्या ओसरीवर एक नवा माणूस दिसू लागतो. तो कधी जुना विद्यार्थी असतो, कधी सोयऱ्याचा सोयरा. चहा घेताघेता तो म्हणतो, "सर, एक सोन्यासारखी जागा आहे. तुमच्यासाठीच थांबवून ठेवलीय."

हाच तो मधला माणूस. कोणी त्याला दलाल म्हणतात, कोणी एजंट, कोणी ब्रोकर. घर घेण्याच्या व्यवहारात त्याच्यावाचून पान हलत नाही आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हेही कळत नाही. तरुणपणी माणूस फसला तर पुन्हा कमावतो. साठीनंतर फसला तर? त्याचे पुन्हा कमावण्याचे दिवस संपलेले असतात. म्हणून उतारवयात घर निवडण्याआधी हा मधला माणूस नीट निवडणे भाग आहे. पण आपण घराच्या फरशा पाहतो, रंग पाहतो, वास्तू पाहतो. ते दाखवणाऱ्याला मात्र कोणी पारखून घेत नाही.

मामांकडे तो दोनदा आला

आमच्या मामांकडे हा माणूस दोनदा आला. एकदा मामा निवृत्त झाले तेव्हा आणि दुसऱ्यांदा मामी पडल्या तेव्हा.

मामांचे घर अंबडला, मत्स्योदरीच्या टेकडीपासून हाकेच्या अंतरावर. माळवदाचे जुने घर, पुढे ओसरी, मागे आड, स्वयंपाकघरातून न्हाणीत उतरायला दोन उंच पायऱ्या. निवृत्तीच्या वेळी आलेल्या प्लॉटवाल्यांना मामांनी चहा पाजून वाटेला लावले आणि पैसे बँकेत मुदतठेवीत ठेवले. पुढे दहा-बारा वर्षे बरी गेली. मग एका पहाटे मामी त्या दोन पायऱ्यांवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. रिक्षाने जालना, तिथून रुग्णवाहिकेने संभाजीनगर. शस्त्रक्रिया, महिनाभर अंथरूण, मग वॉकर. थोरला पुण्यात चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत, धाकटा कॅनडात. दोघांनाही आईची काळजी, पण दोघांनाही रजा नाही.

थोरल्याने फोनवर विषय काढला. "बाबा, इकडे पुण्यात ज्येष्ठांसाठी वसाहती आहेत. स्वतःचं घर, खाली डॉक्टर, जेवणाची सोय. बघून तरी या."

मामा म्हणाले, "म्हणजे वृद्धाश्रमच ना? सरळ बोल की."

हा गैरसमज आपल्याकडे सर्रास आहे. त्याला कारणही आहे. १९९५ साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रम योजना आली आणि 'म्हाताऱ्यांसाठी वेगळी जागा' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ओळीने मांडलेल्या खाटाच येतात. ज्येष्ठांची वसाहत ही गोष्ट निराळी. तिथे तुम्हाला कोणी दाखल करीत नाही. तुम्ही घर विकत घेता, किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेता, किंवा अनामत ठेवून राहता. कुलूप तुमचे, किल्ली तुमची. फक्त इमारत म्हातारपण लक्षात घेऊन बांधलेली असते आणि दवाखाना, भोजनगृह, देखभाल यांसाठी दरमहा ठरावीक रक्कम भरायची असते. पुण्यात परांजपे मंडळींच्या 'अथश्री'ने हा प्रकार मराठी मध्यमवर्गात रुजवला. केंद्र सरकारने २०१९ साली अशा घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ साली त्यासाठी नियम घालून दिले.

मामा जायला तयार झाले, पण एक अट घालून. मला म्हणाले, "तू बरोबर यायचं. एजंट बोलेल ते तू ऐकायचं. तुझ्या बापाचं मी पाहिलंय."

वडिलांचा बाँडपेपर

माझ्या वडिलांचे काय झाले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९९६ साली त्यांनी जालन्याच्या वेशीबाहेर एक प्लॉट घेतला. मध्यस्थ ओळखीचा, रोज देवळात भेटणारा. त्याने वीस रुपयांच्या बाँडपेपरवर लिहून दिले, वकिलाचा शिक्का मारून दिला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. वडिलांनी दोन भिशा आणि आईच्या पाटल्या मोडून पैसे दिले. जमीन शेतीचीच होती, बिगरशेती झालेली नव्हती. आखणीला मंजुरी नव्हती. सातबारा मूळ मालकाच्या नावावर होता आणि तसाच राहिला. पुढे कळले, तोच तुकडा आणखी एकाला तसाच विकला होता. मध्यस्थ म्हणाला, "मी फक्त जागा दाखवली. व्यवहार तुमचा-त्यांचा." वडील शेवटपर्यंत तो बाँडपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवीत असत. आजही तो आमच्या कपाटात आहे.

तो माणूस लबाड होता असे मी म्हणणार नाही. कदाचित त्यालाही कागद वाचता येत नव्हते. पण तेव्हा मध्यस्थाला जाब विचारणारा निराळा कायदा नव्हता. दुकान उघडायला परवाना लागे, हमाली करायला बिल्ला लागे, दुसऱ्याच्या जन्माची पुंजी हातात घ्यायला मात्र काहीच लागत नसे.

मोंढ्यातले शहाणपण

जालन्याला दलाली नवी नाही. 'जालना सोने का पालना' ही म्हण झाली ती व्यापारावरच. या गावात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि बियाण्यांचा धंदा उभा राहिला. पुढे लोखंडाच्या गिरण्या आल्या. मोसंबीचे ट्रक जाऊ लागले. मोंढ्यात अडत्याचे काम काय ते शेतकऱ्याला पक्के माहीत असते. पट्टीवर हमाली वेगळी, तोलाई वेगळी, अडत वेगळी लिहिलेली असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अडत कोणाच्या खिशातून जाते हे तो आधी पाहतो. २०१६ साली सरकारने फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता! कारण ज्याच्याकडून पैसे येतात, त्याच्या बाजूने माणूस नकळत झुकतो.

हेच शहाणपण घर घेताना आपण विसरतो. नव्या प्रकल्पात घर दाखवणाऱ्या एजंटाला बहुधा बिल्डर पैसे देतो. मोटारीतून नेतो, जेवू घालतो, आपल्याकडून एक पैसा मागत नाही, म्हणून तो आपला माणूस वाटतो. पण तो बिल्डरचा माणूस असतो. यात गैर काही नाही, फक्त ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे. जुन्या घराच्या व्यवहारात दोन्ही बाजूंकडून टक्का घेण्याची रीत आहे. ६० लाखांच्या घरावर २ टक्के म्हणजे १ लाख २० हजार रुपये होतात. मामांचे तीन-चार महिन्यांचे निवृत्तिवेतन! एवढी रक्कम द्यायची तर कशासाठी, केव्हा आणि व्यवहार मोडला तर काय, हे एका कागदावर लिहून घ्यायला संकोच कसला?

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: "दलाली कोण देणार, किती आणि कधी?" खरा धंदेवाला याचे उत्तर एका वाक्यात देतो. जो "अहो, ते नंतर बघू, तुमच्याकडून काय घ्यायचं" असे म्हणतो, त्याला दुसरा चहा पाजू नये.

कायद्याने दिलेले हत्यार

वडिलांच्या वेळी नव्हते ते आज आहे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली झाला आणि मे २०१७ पासून पुरता लागू झाला. लोक त्याला 'रेरा' म्हणतात आणि तो फक्त बिल्डरांसाठी आहे असे समजतात. पण एजंटही त्याच कायद्याखाली येतो. नोंदणी केल्याशिवाय त्याला नोंदणीकृत प्रकल्पातले घर किंवा प्लॉट विकण्यात मध्यस्थी करता येत नाही. नोंदणी नसलेला प्रकल्प, ज्याला नोंदणी लागते असा, त्याने विकूच नये. खोटी माहिती देऊ नये. नोंदणीच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवीत ती सर्व कागदपत्रे त्याने मिळवून द्यावीत. हे मोडल्यास दिवसाला १० हजार रुपये आणि एकूण त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटाची नोंदणी ५ वर्षांसाठी असते आणि ती रद्दही होऊ शकते.

महाराष्ट्राने आणखी एक पाऊल पुढे टाकले. २०२३ च्या जानेवारीत महारेराने ठरवले की एजंटाने प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिली पाहिजे. १ जानेवारी २०२४ पासून हे प्रमाणपत्र बंधनकारक झाले. म्हणजे आता घराच्या मध्यस्थालाही पेपर सोडवावा लागतो! आमचे मामा यावर खूष झाले. चाळीस वर्षे पेपर तपासलेला माणूस.

तपासणी फार सोपी आहे. महारेराच्या संकेतस्थळावर मराठीतही माहिती मिळते. एजंटाचा क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो आणि प्रकल्पाचा 'पी' अक्षराने. घरातल्या नातवाला बसवले तर पाच मिनिटांत दोन्ही निघतात. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड, म्हणजे ती काळी-पांढरी चौकट, छापणे सक्तीचे झाले आहे. मोबाइल तिच्यावर धरला की प्रकल्पाची नोंद समोर येते. जमिनीवर बोजा किती, मंजुरी कोणती, दावे कोणते, घराचा ताबा कधी देणार, सगळे.

आणि ही गोष्ट पुण्या-मुंबईपुरतीच नाही. आपल्याकडे फ्लॅटपेक्षा प्लॉटिंग अधिक. ५०० चौरस मीटरहून, म्हणजे साधारण ५ गुंठ्यांहून, मोठ्या जमिनीवरचे प्लॉटिंगही या कायद्यात येते. भोकरदन रस्त्याला असो की मंठा चौफुलीला, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट दाखवणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारण्याचा आपल्याला पुरता हक्क आहे.

टोकनची घाई हा तर या धंद्याचा जुना रोग. 'आज द्या, उद्या भाव वाढणार', 'शेवटचा एकच राहिलाय'. इथेही कायद्याने आडवा हात घातला आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ६० लाखांच्या घराला ६ लाखांच्या वर एक रुपया नाही. २०१५ पासून जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यालाही आयकर कायद्याने बंदी आहे. "थोडे पांढरे, थोडे काळे" म्हणणारा एजंट तुमची आयुष्यभराची पांढरी मिळकत काळी करायला निघालेला असतो. निवृत्त शिक्षकाजवळ काळे म्हणजे फक्त शाळेतल्या फळ्याचे!

एक सावधगिरी मात्र ठेवायला हवी. जुने घर एका मालकाकडून दुसऱ्याने घ्यायचे, तर तिथे रेराचे हे संरक्षण पोहोचेलच असे नाही. तिथे आपल्याच वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि फेरफार पाहावेत, आणि नोंदणीकृत खरेदीखताशिवाय पैसे पुरे करू नयेत. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोरावर मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनामी आणि कुळाच्या जमिनी पुष्कळ. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसले तर सरकारी परवानगीवाचून तो व्यवहार होत नाही. चांगला एजंट हे आपण विचारण्याआधी सांगतो. वकील मात्र एजंटाने सुचवलेला नको.

नऊशे मिलिमीटरचा दरवाजा

पुण्याला पहिल्या दिवशी आम्हाला जो एजंट भेटला तो तरतरीत होता. त्याने पोहण्याचा तलाव दाखवला, क्लबघर दाखवले, देऊळ दाखवले. पाच वर्षांत किंमत कुठे जाईल तेही सांगितले. मामींकडे मात्र त्याने एकदाही पाहिले नाही. मामी वॉकर घेऊन फाटकाशी खुर्चीवर बसून होत्या, कारण क्लबघराला चढायला सहा पायऱ्या होत्या.

मामांनी त्याला विचारले, "हे ज्येष्ठांचं म्हणता, तर न्हाणीघराचा दरवाजा किती रुंद आहे?"

तो हसला. म्हणाला, "सर, ते आर्किटेक्टचं काम."

ज्येष्ठांसाठी म्हणून प्रकल्प विकायचा तर काय हवे, हे महारेराच्या २०२४ च्या नियमांत लिहिलेले आहे. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३ फूट रुंद, चाकाची खुर्ची आत जाईल असे. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट हवी, आणि तीही चाकाची खुर्ची मावेल अशी. जिना किमान १५०० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना धरायला कठडा आणि सलग १२ पेक्षा अधिक पायऱ्या नकोत. न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दांड्या आणि पाय न घसरणाऱ्या फरशा. आणि या सोयींचा उल्लेख विक्रीच्या करारनाम्यात झाला पाहिजे. आमच्या मामींचे हाड दोन पायऱ्यांनी मोडले, त्यामुळे हे आकडे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत.

ज्याला हे आकडे माहीत नाहीत, तो कितीही गोड बोलत असला तरी ज्येष्ठांच्या घराचा एजंट नव्हे. तो नेहमीच्या फ्लॅटवर नवी पाटी लावून विकणारा आहे.

आणखी एक गोष्ट. इमारत कायद्याच्या कक्षेत येते, पण सेवा ही करारावर चालते. 'चोवीस तास डॉक्टर' म्हणजे काय? तिथे राहणारा डॉक्टर, की फोन केल्यावर येणारा? रात्री दोन वाजता छातीत दुखले तर जिना उतरवून रुग्णवाहिकेपर्यंत कोण नेणार? दरमहाचा आकार वर्षाला किती वाढणार? भोजनगृहात जेवले नाही तरी पैसे द्यायचे का? दोघांतले एक गेले तर मागे राहिलेल्याचे काय? वयाची अट कुठे ५५ असते, कुठे ६०. मग पुढे वारसाला तिथे राहता येईल की फक्त विकता येईल? विकायचे झाल्यास गिऱ्हाईक आपण आणायचे की त्यांच्यामार्फतच विकायचे, आणि हस्तांतराचे किती घेणार? सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याला २५ हजारांची मर्यादा आहे. इतर व्यवस्थेत मात्र करार वाचूनच कळते. या प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नयेत. चांगला एजंट ती बिल्डरकडून लेखी आणून देतो. सुमार एजंट म्हणतो, "त्याचं काही टेन्शन घेऊ नका." आणि मग ते आपल्यालाच घ्यावे लागते.

त्या बाई

दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या कचेरीतल्या कोणाच्या ओळखीने एक बाई आल्या. पन्नाशीच्या. आल्या आल्या मामींना म्हणाल्या, "काकू, आधी तुम्ही सांगा, रात्री किती वेळा उठता?" मामी दचकल्याच. मग त्यांनी विचारले, गुडघे कसे आहेत, औषधे कोणती, निवृत्तिवेतन किती, अंबडचे घर विकणार का, धाकटा वर्षातून किती वेळा येतो. किमतीचे त्यांनी पाऊण तासाने काढले. स्वतःचा नोंदणी क्रमांक न मागता दिला. आणि स्पष्ट सांगितले, "माझी दलाली मला बिल्डर देतो. तुमच्याकडून मी घेणार नाही. पण त्यामुळे मी बोलते ते तुम्ही पारखून घ्या."

त्यांनी दोन वसाहती दाखवल्या. तिथे पूर्वी घर घेतलेल्या दोन कुटुंबांशी गाठ घालून दिली आणि स्वतः बाहेर थांबल्या. हे मला फार मोलाचे वाटले. एका आजोबांनी सांगितले, जेवण बरे आहे पण उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर हा शब्द ऐकून आम्ही जालन्याची माणसे सावध झालो. २०१२-१३ चा दुष्काळ ज्याने जालन्यात काढला, घाणेवाडीचा तलाव आटलेला पाहिला, त्याला पाण्याचा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाही.

निघताना मामांनी विचारले, "मग टोकन किती देऊ?"

बाई म्हणाल्या, "आत्ता काही देऊ नका. याच वसाहतीत एक घर भाड्याने मिळतंय. तीन महिने राहून पाहा. काकूंना करमलं तर घेऊ. आणि काका, अंबडचं घर वर्षभर तरी विकू नका."

त्यांच्या पदरात त्या दिवशी काही पडले नाही. मी मात्र मनात म्हटले, वडिलांना असा माणूस भेटला असता तर!

पुणे की जालना?

परतताना गाडीत मामांनी वेगळाच सूर लावला. "पुण्यालाच का? जालन्यात काय कमी आहे?"

प्रश्न रास्त होता. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालना त्या रस्त्यावर आले. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली. त्याच वर्षी जालन्याची नगरपालिका जाऊन महापालिका झाली. धाकटे येतात-जातात ते सोपे झाले. ओळखीची माणसे, ओळखीचा दुधवाला, आपली भाषा. 'ऐकू येतंय का हो' असे मोठ्याने विचारणारे शेजारी. हे सगळे दाखवणारे एजंटही जालन्यात कमी नाहीत. पण त्यांची भाषा ऐकली की लक्षात येते, ते घर विकत नाहीत, भाव विकतात. "समृद्धीपासून दहा मिनिटं, ड्रायपोर्ट झाल्यावर दुप्पट." सत्तरीच्या माणसाला दुप्पट काय करायचे? त्याला राहायचे आहे. त्याला दवाखाना दहा मिनिटांवर हवा, महामार्ग नव्हे. त्याला तळमजला हवा, नळाला पाणी हवे, कोपऱ्यावर औषधाचे दुकान हवे आणि संध्याकाळी बसायला मोती तलावासारखी एखादी जागा हवी. एजंटाला हे आधी सांगावे आणि तो ऐकतो का ते पाहावे. जो ऐकत नाही तो पुढेही ऐकणार नाही.

हे झाले एजंटाचे. पण एक धोका घरातूनच येतो, त्याबद्दलही बोलले पाहिजे. नवे घर घेताना 'नंतर कटकट नको' म्हणून ते थेट मुलाच्या नावे करण्याची रीत पडली आहे. काही एजंटच तसे सुचवतात. मुलावर विश्वास असावाच, पण कागद आपल्या नावे असावा. बक्षीसपत्र करायचेच असेल तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट त्यात लिहावी. ही अट असेल आणि सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. आणि घर एकट्या बाईच्या नावे घेतले तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. मामींच्या नावे आयुष्यात काहीच नव्हते. ही सवलत मामांना भलतीच आवडली!

फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. महारेराकडे ५ हजार रुपये शुल्क भरून तक्रार करता येते. एजंटाविरुद्धही करता येते. जिल्हा ग्राहक आयोग जालन्यातही आहे. वय झाले, आता कोर्टकचेरी कुठे करायची, असे म्हणून सोडून दिलेल्या प्रत्येक तक्रारीवर पुढचा एजंट जगतो.

किल्ली

मामा-मामी तीन महिने पुण्याच्या त्या भाड्याच्या घरात राहिले. पहिला महिना मामांनी कॅलेंडरवर दिवस खोडत काढला. दुसऱ्या महिन्यात त्यांना परभणीचे एक निवृत्त मुख्याध्यापक भेटले आणि रोज सकाळी दोघे वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढू लागले. तिसऱ्या महिन्यात मामी वॉकर सोडून काठीवर आल्या. भिंतीला दांड्या होत्या, उंबरा नव्हता आणि रात्री उठायची भीती गेली होती.

त्यांनी घर घेतले. एका खोलीचे, तळमजल्यावरचे, मामींच्या नावे. माझ्या ओळखीच्या वकिलाने कागद पाहिले, त्या बाईंनी प्रत्येक पावती हातात आणून दिली. अंबडचे घर विकलेले नाही. पोळ्याला आणि नवरात्रात मामा तिथे जातात, आणि न्हाणीच्या त्या दोन पायऱ्यांवर आता उतार करून घेतला आहे.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामा म्हणाले, "तुझ्या बापाचा तो बाँडपेपर आहे ना अजून? जपून ठेव. पोरांना दाखवायला."

मी हो म्हटले. मामींनी चहा ठेवायला उठताना भिंतीच्या दांडीला हात लावला, अगदी सहज, आणि स्वतःच्या घरात चालत स्वयंपाकघरात गेल्या.